दोन किलोबाइटांची पिशवी

प्रदर्शनं जवळ आली की इलेक्ट्रॉनिक्सचा नाद असलेली मुलं हमखास विचारतात, "बाई, डेमो सॉफ्टवेअरमध्ये प्रोग्रॅम मावतच नाही. आता काय करू?"

डेमो म्हणजे आंबेवाल्यानं चाखायला दिलेली फोड. फोड फुकट, पेटी विकत! ८०५१ हा इंटेलनं १९८० साली आणलेला मायक्रोकंट्रोलर. त्याच्यासाठी सी भाषेत लिहिण्याचं 'कील'चं सॉफ्टवेअर फुकट घेतलं, तर त्यात २ किलोबाइटपर्यंतचाच प्रोग्रॅम तयार होतो. पिशवी लहान आहे. मग भरताना विचार करायचा!

समजा, तुम्ही खोलीचं तापमान दाखवणारं यंत्र करताय. एलएम३५ हा सेन्सर दर अंशाला १० मिलिव्होल्ट देतो. एडीसी०८०४ ही चिप त्या व्होल्टचा आकडा करते. ५ व्होल्टच्या २५६ पायऱ्या केल्या, तर एक पायरी साधारण १९.५ मिलिव्होल्टची. मग अंश काढायला अपूर्णांकांचा गुणाकार आला. सी भाषेत अपूर्णांकांना बोलावलं की त्यांच्यामागून अख्खं वऱ्हाड येतं आणि पिशवी फाटते.

आता गंमत पाहा. त्याच चिपच्या ९ नंबरच्या पायाला १.२८ व्होल्ट द्या. चिप त्याची दुप्पट, म्हणजे २.५६ व्होल्ट, हे पूर्ण माप धरते. २५६ पायऱ्या, म्हणजे एक पायरी बरोब्बर १० मिलिव्होल्टची. पायऱ्या मोजल्या की झाले अंश! गुणाकार गेला, वऱ्हाड गेलं. शिवाय आधी एक पायरी जवळजवळ २ अंशांची होती, ती आता १ अंशाची झाली. अडचणीनं यंत्र सुधारलं की नाही?

सर्किट बोर्डाचंही तसंच. 'ईगल'च्या जुन्या फुकट आवृत्तीत १०० × ८० मिलिमीटरचाच बोर्ड काढता यायचा. मोठं सर्किट असेल तर त्याचे दोन बोर्ड करून कनेक्टरनं जोडायचे. एक जळला तरी दुसरा वाचतो!

कुणी म्हणेल, "दादाच्या मित्राकडे क्रॅक आहे." नको रे बाबांनो. ती चोरीच, आणि सोबत व्हायरस यायची भीती. चोरी न करता मर्यादा नको असेल, तर 'एसडीसीसी' आणि १९९२ साली सुरू झालेलं 'कायकॅड' ही दोन्ही फुकट आणि खुली आहेत. डेमोच वापरणार असाल, तर स्पर्धेसाठी तो चालतो का, हे परवान्यात आई-बाबांबरोबर बसून वाचा. वहीतही लिहा.

परीक्षक विचारतील, "१.२८ व्होल्टच का?" ज्यानं पिशवी स्वतः भरली, त्याला उत्तर येईल. क्रॅकवाल्याला कदाचित नाही.

आता तुमच्यासाठी कोडं : सेन्सर ३१० मिलिव्होल्ट देतोय. ५ व्होल्टच्या मापात किती पूर्ण पायऱ्या चढतील, आणि २.५६ च्या मापात किती? वहीत करून पाहा बरं!