‘ब्रेक फेल’च्या आधीच्या खुणा

मोठा अपघात झाला की पहिल्या तासाभरात एक कारण हमखास पुढे येते : ब्रेक निकामी झाले. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री पुण्यातील नवले पुलाजवळच्या उतारावर एका मालवाहू वाहनाने सुमारे ४८ वाहनांना धडक दिली, तेव्हाही प्रथम हेच सांगण्यात आले. चालकाने उतारावर इंजिनच बंद केले होते, असे नंतर पोलिसांच्या प्राथमिक तपासात पुढे आले. ९ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईत कुर्ल्याला विजेवर चालणारी बस गर्दीत शिरली. तेथेही परिवहन अधिकाऱ्यांच्या तपासणीत ब्रेक कार्यरत आढळले. ‘ब्रेक फेल’ म्हटले की सारा दोष दैवाच्या माथी मारता येतो, ही त्या शब्दांची खरी सोय आहे.

वास्तविक मोटारीचे ब्रेक एकाएकी क्वचितच दगा देतात. ते झिजतात, आणि झिजताना सांगतातही. ते ऐकू न येण्याची शक्यता सोलापुरात मात्र अधिक आहे. शहर सपाटीवर वसलेले आणि पुण्याच्या दिशेचा महामार्गही मैलोन्‌मैल सपाट. पॅड निम्म्याहून अधिक झिजले असले तरी सात रस्त्याच्या चौकात गाडी मुकाट्याने थांबते. खरी परीक्षा होते ती तुळजापूरला. सुमारे ४५ किलोमीटरवरील देवीच्या दर्शनाला माणसांनी भरलेली गाडी घाट चढून जाते. परतताना तोच घाट ब्रेकवर पाय ठेवून उतरला जातो. सतत घर्षणाने पॅड व डिस्क तापतात आणि ही उष्णता ब्रेक ऑइलपर्यंत पोहोचते. हे तेल हवेतील ओलावा शोषून घेते. ‘डॉट ४’ प्रतीच्या नव्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो. पाणी मुरल्यावर, मानकानुसार, तो १५५ अंशांपर्यंत उतरू शकतो. तेल उकळले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, बुडबुडे दाबले जातात, आणि पेडल तळाला जाऊनही गाडी थांबत नाही. म्हणून साधारण दोन वर्षांनी तेल बदलण्याचा सल्ला दिला जातो. किती जण तो पाळतात? इंजिन ऑइलची आठवण सर्वांना असते, ब्रेक ऑइलची फारशी कोणाला नसते.

कायद्याचाही येथे फारसा आधार नाही. मालवाहू व प्रवासी वाहनांना पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. खासगी मोटारीची नोंदणी मात्र १५ वर्षांची असते. तोपर्यंत तिचे ब्रेक कोणी सरकारी अधिकारी तपासत नाही. पीयूसीसाठी दरवर्षी रांग लावणारा मालक धुराचा दाखला घेऊन परततो. पॅड उरले आहेत की नाहीत, हा प्रश्न तेथे उपस्थितच होत नाही. २०१९ पासून नव्या मोटारींना एबीएस सक्तीचे झाले, ही गोष्ट स्वागतार्ह. तथापि एबीएस चाक अडकू देत नाही एवढेच; झिजलेल्या पॅडला ते जाडी देऊ शकत नाही.

तेव्हा लक्ष ठेवायचे ते मालकानेच. ब्रेक लावताना किंचाळल्यासारखा बारीक आवाज येऊ लागला, तर तो बहुधा पॅडवरील इशारापट्टीचा असतो. त्याकडे काणाडोळा केला की पुढे घरघर सुरू होते. याचा अर्थ लोखंडावर लोखंड घासत आहे आणि खर्च पॅडवरून डिस्कवर गेला आहे. पॅडचा थर तीन मिलिमीटरवर आला की तो बदलावा, असा सर्वसाधारण संकेत आहे. ब्रेक लावल्यावर गाडी एका बाजूला ओढत असेल, पेडल थरथरत असेल किंवा पूर्वीपेक्षा खोल जात असेल, तर ‘पुढच्या सर्व्हिसिंगला बघू’ म्हणणे धोक्याचे. टाकीतील तेलाची पातळी खाली जात राहिली, तर पॅड झिजले आहेत किंवा कोठे तरी गळती आहे. नुसते तेल भरल्याने दोन्ही दोष झाकले जातात. गळीत हंगामात अंधारात लाल दिवा नसलेली उसाची ट्रॉली अचानक पुढ्यात येते, तेव्हा या टाळाटाळीची किंमत कळते. वेग दुप्पट झाला तर ब्रेक लावल्यापासून थांबेपर्यंतचे अंतर सुमारे चौपट होते.

नवले पुलाचा धडा मोटारींनाही लागू आहे. पेट्रोल वाचवण्यासाठी उतारावर इंजिन बंद करणारे आजही भेटतात. इंजिन बंद झाले की पेडलला जोर देणाऱ्या बूस्टरची निर्वात शक्ती दोन-तीन दाबांत संपते आणि पेडल दगडासारखे कडक होते. हा बूस्टर घरच्या घरी तपासता येतो. उभ्या गाडीत इंजिन बंद ठेवून पेडल तीन-चार वेळा दाबावे व दाबलेलेच ठेवून इंजिन सुरू करावे. पेडल किंचित खाली सरकले तर बूस्टर ठीक आहे. कडकच राहिले तर तुळजापूरला निघण्याआधी गाडी मिस्त्रीकडे न्यावी.