नाचणीचा कस

जव्हार-मोखाड्याच्या वरकस जमिनीत पिकणारी नाचणी चंदनसारच्या वाण्याकडे घेताना, तिच्या शंभर ग्रॅमांत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम, म्हणजे सडीक तांदळाच्या तीसपटीहून अधिक, असते हे गिऱ्हाइकास ठाऊक असले, तरी हा आकडा केवळ सरासरीचा असून वाण, मृदा व खत यांपरत्वे तो पुष्कळ खालीवर होतो, ही महत्त्वाची बाब दप्तरी नोंदींत सहसा उमटत नाही. मोड आणून दळल्यास कॅल्शियमसारखी खनिजे अडवून धरणारे फायटिक आम्ल घटून ती अंगी लागतात, हेही खरेच. परंतु मुळात दाणाच निकस असेल तर गृहिणीचे कौशल्य कितीसे पुरणार? कुपोषणाने ग्रासलेल्या जव्हार-मोखाड्यातील अंगणवाड्यांसाठी धान्य घेताना सरकारने दापोलीच्या कृषी विद्यापीठाकडून वाणवार पृथक्करण करवून घ्यावे आणि कसदार नाचणी पिकविणाऱ्या आदिवासी शेतकऱ्यास वाढीव दर द्यावा.