परदेशी संगणक : स्वस्त कोणाला, महाग कोणाला?

गेल्या मे महिन्यातील एका सायंकाळी आमच्या शाळेच्या एका विद्यार्थ्याचे वडील माझ्या घरी आले. मुलगा नुकताच दहावीची परीक्षा उत्तीर्ण झालेला. वडील ‘पायलट’चा धंदा करतात, म्हणजे भाड्याच्या मोटारसायकलीवरून उतारूंची ने-आण करतात. मुलाच्या पुढील शिक्षणासाठी त्यांनी म्हापशाच्या एका दुकानातून हप्त्यांनी लॅपटॉप घेतला होता. किंमत एकोणसाठ हजार रुपये. आनंदाने घरी आणलेल्या त्या वस्तूने दोनच दिवसांत त्यांची झोप उडविली होती. कारण शेजारच्या मुलाच्या मामाने दुबईहून त्याच बनावटीचा, तोच लॅपटॉप साडेबावन्न हजारांत आणला होता, आणि ‘तुमका दुकानदारान फटयले’ असे कोणीतरी त्यांना तोंडावर सांगितले होते. खिशातून बिलाचा कागद काढून त्यांनी माझ्यासमोर ठेवला आणि विचारले, ‘‘सर, हांव फसलों काय कितें?’’

मी कला शाखेचा पदवीधर. हिशेब हा काही माझा प्रांत नव्हे. परंतु साडेसहा हजार रुपये ही त्या गृहस्थांच्या कित्येक दिवसांच्या उन्हातान्हातील कमाई होती, आणि प्रश्न केवळ पैशांचा नसून आपण मुलासाठी केलेल्या व्यवहाराच्या शहाणपणाचा होता. म्हणून ते बिल मी जरा काळजीपूर्वक वाचले. आणि त्या वाचनातून जे मला उमगले, तेच विद्यार्थिमित्रांपुढे व त्यांच्या पालकांपुढे मांडावे, या हेतूने हा लेख लिहीत आहे. हिशेब समजण्यास सोपा जावा म्हणून आकडे मात्र थोडे गोल करून घेतले आहेत.

बिलावर यंत्राची मूळ किंमत पन्नास हजार रुपये होती. तिच्याखाली दोन ओळी होत्या : केंद्राचा वस्तू व सेवा कर ९ टक्के, म्हणजे साडेचार हजार; राज्याचा वस्तू व सेवा कर ९ टक्के, म्हणजे आणखी साडेचार हजार. बेरीज एकोणसाठ हजार. दुबईत १ जानेवारी २०१८ पासून मूल्यवर्धित कर लागू आहे. त्याचा दर ५ टक्के. पन्नास हजारांवर पाच टक्के म्हणजे अडीच हजार. बेरीज साडेबावन्न हजार. म्हणजे दोन्ही दुकानदारांनी मूळ किंमत सारखीच लावली होती. जो फरक पडला तो सारा कराचा. म्हापशाच्या दुकानदाराने त्यातील एक पैसाही आपल्या गल्ल्यात टाकलेला नव्हता. हे मी त्या गृहस्थांना सांगितले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरील अर्धी चिंता तरी उतरली. आपण फसलो नाही, हे कळणे हीसुद्धा काही लहान गोष्ट नव्हे.

प्रत्येक वेळी हिशेब इतका सरळ असतो असे मात्र नाही. वाहतूक, मधल्या व्यापाऱ्यांचा नफा, मालाचा खप, रुपयाची घसरण, या साऱ्यांचा किंमतीवर परिणाम होतो, आणि काही वेळा येथील किंमत कराच्या मानानेही अधिक असते. परंतु एक गैरसमज आपल्याकडे फार पसरलेला आहे, तो दूर केला पाहिजे. ‘परदेशी संगणकावर सरकारची जकातच जबर, म्हणून तो महाग’ असे आपण सर्रास बोलतो. वस्तुस्थिती निराळी आहे. डिसेंबर १९९६ मध्ये सिंगापूर येथे जागतिक व्यापार संघटनेच्या सभासद राष्ट्रांनी माहिती-तंत्रज्ञानाच्या वस्तूंविषयी एक करार केला आणि १९९७ मध्ये भारत त्यात सामील झाला. त्या करारानुसार संगणकावरील मूळ आयात-शुल्क शून्यावर आलेले आहे. तेव्हा बंदरावर किंवा विमानतळावर जो भार पडतो तो मुख्यतः १८ टक्के वस्तू व सेवा कराचा. आणि तो परदेशी संगणकाप्रमाणे देशी संगणकावरही पडतो. यात परदेशी आणि स्वदेशी असा भेद नाही.

आपण गोमंतकीयांना बाहेरच्या वस्तूंचे आकर्षण पूर्वीपासूनचे. १९६१ पूर्वी, पोर्तुगीज अमदानीत, सीमेपलीकडे सहसा न मिळणाऱ्या परदेशी वस्तू येथील बाजारात उघड विकल्या जात, हे वडीलधारी मंडळी अजून सांगतात. शिवाय आपल्यापैकी कित्येक घरांतील कोणी ना कोणी जहाजावर, आखातात, किंवा इंग्लंडमधील स्विंडनसारख्या शहरी असतो. सुट्टीत घरी यायला निघालेल्या माणसाला ‘येताना एक लॅपटॉप आण’ असे सांगणे हा जणू आपला रिवाजच होऊन बसला आहे. परंतु ‘बाहेर’ म्हणजे सर्वत्र स्वस्ताई, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. ब्रिटनमध्ये मूल्यवर्धित कर २० टक्के आहे, आणि बाहेरदेशी जाणाऱ्या प्रवाशाला तो परत मिळण्याची सोय तेथे २०२१ च्या आरंभापासून बंद झाली. म्हणजे पन्नास हजारांचे यंत्र स्विंडनमध्ये साठ हजारांना पडेल. म्हापशापेक्षा एक हजाराने महाग! अमेरिकेतील दुकानात वस्तूवर जी किंमत लिहिलेली असते तिच्यात विक्रीकर धरलेला नसतो. तो पैसे देताना वर चढतो आणि प्रत्येक राज्यात निराळा असतो. ऑरेगॉनसारख्या राज्यात तर तो मुळीच नाही. उलट आपल्याकडील छापील कमाल किंमत सर्व करांसहित असते. एक आकडा करासह आणि दुसरा कराविना घेऊन तुलना करणे म्हणजे सोललेला नारळ न सोललेल्या नारळाबरोबर तराजूत घालण्यासारखे आहे.

किंमतीनंतर प्रश्न येतो तो पुढील जबाबदारीचा. याबाबतीत माझा स्वतःचा अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी माझ्या एका मावसभावाने परदेशातून येताना माझ्यासाठी लॅपटॉप आणला. किंमतीत चांगली बचत झाली म्हणून मी खूश होतो. दुसऱ्या वर्षी त्याचा पडदा काळा पडला. दुरुस्तीच्या केंद्रात गेलो तेव्हा, यंत्राची हमी ज्या देशात ते विकले गेले त्या देशापुरतीच आहे, असे उत्तर मिळाले. सुटा भाग मागवावा लागला, कित्येक आठवडे गेले, आणि वाचलेले पैसे त्या एका पडद्यात संपून वर पदरचे घालावे लागले. सर्वच कंपन्यांचा नियम असा नसतो. काहींची काही यंत्रांवरील हमी जगभर चालते. परंतु ते खरेदीपूर्वी विचारून घ्यायचे असते, आणि मी ते विचारले नव्हते. शिवाय येथे पक्के बिल घेऊन खरेदी करणाऱ्या ग्राहकाला २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये, तो राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगापुढे दाद मागता येते. दुबईच्या दुकानदाराविरुद्ध दाद मागायला पायलटचा धंदा करणारा गृहस्थ कोठे जाणार?

येथपर्यंत मी त्या गृहस्थांचे समाधान करू शकलो. आणखी एक गोष्टही मी त्यांना सांगितली, आणि ती सांगताना मला थोडे ओशाळल्यासारखे झाले. त्यांनी राज्याचा म्हणून जो साडेचार हजारांचा कर भरला, तो राज्याच्या तिजोरीत जातो. त्याच तिजोरीतून आमच्यासारख्या अनुदानित शाळांच्या शिक्षकांचे पगार होतात. त्यांचे पैसे कोठे वाया गेलेले नाहीत. करावाचून शाळा नाही, रस्ता नाही, दवाखाना नाही. कर देणे हा नागरिकाचा धर्म आहे, याविषयी माझ्या मनात संदेह नाही.

परंतु ते निघून गेल्यावर दुसरा एक प्रश्न माझ्या मनातून जाईना. हा कर नेमका कोण भरतो?

शेजारच्या मुलाच्या मामांचे उदाहरण घ्या. आपल्या सीमाशुल्काच्या नियमानुसार अठरा वर्षे पूर्ण झालेल्या प्रवाशाला परदेशातून येताना आपल्या सामानातून एक लॅपटॉप शुल्कावाचून आणता येतो, आणि ही सवलत इतर सामानावरील सवलतीहून वेगळी असते. ऑगस्ट २०२३ मध्ये सरकारने लॅपटॉपच्या आयातीवर परवान्याची अट जाहीर केली, तेव्हाही प्रवाशाच्या सामानातील एक यंत्र त्या अटीतून वगळले होते. मामांनी नियमाविरुद्ध काहीच केले नाही. त्यांना दोष देण्याचे कारण नाही. आता एखाद्या व्यापारी पेढीचे उदाहरण घ्या. तिने कामासाठी संगणक घेतला तर त्यावर भरलेला १८ टक्के कर, तिला स्वतःच्या विक्रीवर द्याव्या लागणाऱ्या करातून वळता करून घेता येतो. म्हणजे प्रवासी सुटला, पेढी सुटली. उरला कोण? ज्याचा मामा दुबईत नाही आणि ज्याची पेढीही नाही, असा सामान्य पालक. संपूर्ण नऊ हजार रुपये त्याने भरायचे, आणि ते त्याला कोठूनही परत मिळायचे नाहीत.

यावर कोणी म्हणेल की, संगणक ही चैनीची वस्तू आहे. ज्याला हवी त्याने कर भरावा. वीस वर्षांपूर्वी हे म्हणणे कदाचित खपून गेले असते. २०२० मध्ये महामारीमुळे शाळांची दारे बंद झाली, तेव्हा ज्या घरात एकच भ्रमणध्वनी होता त्या घरातील दोन भावंडांनी अभ्यास कसा केला, हे आम्ही शिक्षकांनी पाहिले आहे. चैन आणि गरज यांतील भेद त्या वर्षी आम्हांला पुरेसा कळला. शिवाय सरकारनेही शिक्षणाच्या साधनांना करात निराळे स्थान दिलेलेच आहे. छापील पुस्तकांवर वस्तू व सेवा कर नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून वह्या, पेन्सिली, खोडरबर आणि नकाशे यांवरील करही शून्य झाला. हा निर्णय उत्तम होता, आणि आम्ही त्याचे मनापासून स्वागत केले. परंतु ज्या मुलाची वही करमुक्त, पेन्सिल करमुक्त, नकाशाही करमुक्त, त्याच मुलाच्या संगणकावर मात्र १८ टक्के, ही विसंगती नव्हे काय? आजच्या मुलाची पाटी कोणती, हे ठरविताना आपण एक पिढी मागे राहिलो आहोत, असे मला नम्रपणे वाटते.

म्हणून माझी सूचना साधी आहे. जी सवलत विमानातून उतरणाऱ्या प्रवाशाला एका यंत्रापुरती मिळते, तशीच सवलत माध्यमिक शाळेत शिकणाऱ्या मुलाला शालेय जीवनात एका यंत्रापुरती मिळावी. कर अगदी माफ करावा असेही मी म्हणत नाही. तो ५ टक्क्यांवर आणला तरी पुरे. म्हणजे म्हापशाच्या दुकानातील तेच यंत्र साडेबावन्न हजारांना पडेल, दुबईइतकेच. मग मामाला गळ घालण्याचे कारण उरणार नाही, येथील दुकानदाराचा धंदा चालेल, आणि मुलाला पक्के बिल व येथे चालणारी हमी मिळेल. या सवलतीचा गैरवापर होईल, असा आक्षेप निघणे स्वाभाविक आहे. त्यावर उपायही आहे : शाळेचा दाखला, विद्यार्थ्याचे नाव व यंत्राचा क्रमांक यांची बिलावर नोंद, आणि एका विद्यार्थ्याला एकदाच लाभ. एवढी व्यवस्था आपल्याला अशक्य नाही. कराचे दर सुचविण्याचे काम वस्तू व सेवा कर परिषदेचे आहे, आणि तीत केंद्राबरोबर प्रत्येक राज्याला स्थान आहे. आपले राज्य लहान असले तरी त्याचा आवाज तेथे पोहोचू शकतो. पालक-शिक्षक संघांनी ठराव करून तो आपल्या राज्य सरकारकडे पाठवावा, असे मी सुचवितो.

विद्यार्थिमित्रांनो, तुम्हांलाही दोन शब्द सांगावयाचे आहेत. घरात कोणतीही मोठी वस्तू आली की तिचे बिल मागून घ्या आणि वाचा. मूळ किंमत किती, कर किती, हमी कोठे आणि किती काळ चालते, हे वडिलांबरोबर बसून समजून घ्या. गणिताच्या पुस्तकातील शेकडेवारी यापेक्षा चांगल्या रीतीने तुम्हांला कोणी शिकविणार नाही. आणि एखाद्या मित्राच्या घरी कमी पैशांत एखादी वस्तू आली, तर त्याच्या आनंदात जरूर सहभागी व्हा. पण ज्याच्या वडिलांनी अधिक पैसे मोजले त्यांना ‘फसलात’ असे म्हणू नका. पुष्कळदा तो माणूस फसलेला नसतो. तुमच्या-आमच्या शाळेसाठीचा कर भरून तो मुकाट्याने घरी आलेला असतो.