कोय म्हणजे मोठा चिंचोका नव्हे!

‘बंदिस्त तारकागुच्छातले सगळे तारे एकदमच जन्मतात’ हे वाक्य अजून किती वर्षं घोकायचं? नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी घ्या. सुमारे १ कोटी तारे, त्यांच्यात लोहाचं प्रमाण कमीजास्त, म्हणजे पिढ्या अनेक. साध्या गुच्छातला वायू पहिले सुपरनोव्हा फुटले की उडून जातो. मग पुढची पिढी घडली कशातून? सगळ्यात पटणारं उत्तर: ही आकाशगंगेने गिळलेल्या एका छोट्या दीर्घिकेची कोय आहे. बाहेरचे सैल तारे ओरबाडले गेले, घट्ट गाभा तगला. २०२४ मध्ये सात वेगवान ताऱ्यांवरून तिथे किमान ८,२०० सूर्यांइतकं कृष्णविवर असल्याचे संकेतही मिळाले. आणि आपण? यादीत अजून ‘आकाशगंगेतला सर्वात मोठा बंदिस्त गुच्छ’! फाइलचं नाव चुकलं तर बदलतो ना राव? मग हेही बदला.