मालीश : तेल लावण्यापूर्वी



कोल्हापूर जिल्ह्यात वाढलेल्या माणसाला मालीश म्हणजे काय, हे वेगळे सांगावे लागत नाही. तालमीत मेहनत संपली की पैलवान एकमेकांचे अंग रगडतात. बाळंतिणीच्या घरी न्हाऊ-माखू घालणारी बाई रोज सकाळी येते. नरक चतुर्दशीच्या पहाटे तेल-उटणे लागल्यावाचून आपली दिवाळी सुरू होत नाही. आमच्या कुरुंदवाडकडे तर पौर्णिमेला नृसिंहवाडीपर्यंत चालत जाऊन आलेल्या आजोबांचे पाय नातवाने चेपावेत, हे घरोघरचे दृश्य आहे. इतक्या परिचयाच्या या उपचाराविषयी दोन प्रश्न मात्र आपण क्वचितच विचारतो : मालीशने शरीरात नेमके काय घडते, आणि ती केव्हा करू नये? पहिल्याचे उत्तर कळले तर समाधान वाढते. दुसऱ्याचे ठाऊक नसेल, तर प्रसंगी जिवावर बेतते.

शरीरात काय घडते?

ठेच लागली की आपण नकळत ती जागा चोळतो. त्यामागचे कारण रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या शास्त्रज्ञांनी १९६५ साली मांडले. वेदनेचा संदेश मज्जारज्जूतून मेंदूकडे जाताना जणू एका दारातून जातो. त्याच वेळी स्पर्शाचा आणि दाबाचा संदेश तेथे पोहोचला, तर ते दार काहीसे लोटले जाते आणि वेदना बोथट होते. शिवाय संथ, लयबद्ध स्पर्शाने मनावरचा ताण उतरतो, श्वास सावकाश होतो आणि झोपही बरी लागते.

मालीशने स्नायूंत साचलेले ‘लॅक्टिक आम्ल’ निघून जाते, असे तालमीत आणि व्यायामशाळेत सर्रास सांगितले जाते. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या एका छोट्या अभ्यासात अकरा तरुणांना दमेपर्यंत सायकल चालवायला लावून प्रत्येकाच्या एकाच पायाला दहा मिनिटे मालीश केली, आणि दोन्ही पायांच्या स्नायूंचे सूक्ष्म तुकडे तपासले. लॅक्टिक आम्लात फरक आढळला नाही. मात्र मालीश केलेल्या स्नायूंत दाह वाढवणारे संकेत कमी झालेले दिसले. म्हणजे पैलवानांचा अनुभव खरा आहे, त्याचे रूढ स्पष्टीकरण तेवढे चुकीचे आहे.

मालीशच्या मर्यादाही ध्यानात घ्याव्यात. पाठ किंवा मान दुखत असेल तर तिने काही काळ आराम पडतो. तो टिकवायचा तर व्यायाम आणि बसण्या-वाकण्याची योग्य सवय हवीच. मालीशने मधुमेह जात नाही, चरबी वितळत नाही, सरकलेली चकती जागेवर येत नाही.

हात केव्हा आवरावा?

नित्य अभ्यंग करावा असे सांगणाऱ्या वाग्भटानेही ‘अष्टांगहृदया’त अजीर्ण झालेल्यांना आणि कफविकाराने ग्रासलेल्यांना तो वर्ज्य सांगितला आहे. कोणता उपचार कोणाला करू नये, हा विवेक आपल्या परंपरेतच आहे. आजच्या वैद्यकाच्या दृष्टीने पुढील पाच प्रसंगी तेलाची वाटी बाजूला ठेवावी.

एक : एकाच पायाची पोटरी सुजली, गरम झाली, दुखू लागली तर ती कदापि चोळू नये. खोल नीलेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते. चोळल्याने ती सुटून फुप्फुसात गेली, तर क्षणांत प्राण जाऊ शकतो. बाळंतपणानंतरचे सहा आठवडे, शस्त्रक्रियेनंतरचे दिवस, प्लास्टर आणि दीर्घ अंथरूण, या काळात हा धोका अधिक. आपल्याकडे बाळंतिणीचे पाय तर रोजच रगडले जातात. म्हणून तेल लावणाऱ्या बाईने आधी दोन्ही पाय शेजारी ठेवून पाहावेत.

दोन : छातीत दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, पाठीत वरच्या बाजूस दुखणे आणि दरदरून घाम अशी लक्षणे असतील, तर ‘वात धरला’ म्हणून चोळत बसू नये. हृदयविकारात प्रत्येक मिनिट मोलाचे असते. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

तीन : पडल्यावर, मुरगळल्यावर लगेच मालीश नको. विशेषतः लहान मुलांच्या कोपराला मार बसल्यावर तेल लावून जोराने रगडले, तर स्नायूतच हाड तयार होऊन कोपर कायमचे आखडू शकते. घरात पडलेल्या वृद्धेची कंबर चोळण्याआधी एक्स-रे काढावा.

चार : मधुमेहाने पाय बधिर झाले असतील, तर तेल किती तापले आहे हे रुग्णाला कळत नाही. तेल कोमट आहे ना, हे दुसऱ्याने पाहावे आणि बोटांच्या बेचक्यांत ते राहू देऊ नये.

पाच : ताप, त्वचेवर जखम वा गळू, कर्करोगाची गाठ, किंवा रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, तर आधी डॉक्टरांना विचारावे.

बाळाची मालीश

बाळासाठी हळुवार स्पर्श हे वरदानच आहे. अमेरिकेत १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अपुऱ्या दिवसांच्या बाळांना रोज तीन वेळा पंधरा-पंधरा मिनिटे कुरवाळून त्यांचे हातपाय हलवले गेले. इतर बाळांच्या तुलनेत त्यांचे वजन रोज ४७ टक्के अधिक वाढले. मात्र त्यात जोर नव्हता. नाक ओढणे, डोके दाबून ‘गोल’ करणे, स्तन पिळणे, नाका-कानांत तेल सोडणे हे प्रकार थांबवावेत. मोहरीच्या तेलापेक्षा खोबरेल बरे. खोली उबदार असावी आणि दूध पाजल्यानंतर लगेच मालीश करू नये.

घरच्या घरी

रोज दहा-पंधरा मिनिटे पुरेत. हात हृदयाच्या दिशेने, लांब आणि सावकाश फिरवावा. मणका, मानेची पुढची बाजू आणि गुडघ्यामागची खोबण यांवर जोर देऊ नये. मान ‘कडकन’ मोडण्याचा आग्रह तर मुळीच नको. दाब सुखद वाटला पाहिजे. ‘दुखले की गुण येतो’ हा समज खोटा आहे.

उसाच्या फडात दिवसभर वाकलेल्या पाठीला आणि ज्यांच्याशी दिवसभर कोणी बोललेले नाही अशा वृद्धांना तर आपल्या माणसाच्या हाताचे मोल औषधापेक्षाही अधिक वाटते. तो हात अवश्य फिरवा. फक्त त्याआधी एकदा विचारा : दुखणे कोठे आहे, केव्हापासून आहे, आणि तेथे सूज आहे का?