साध्या कॅमेऱ्यात तारे

मुलांनो, ताऱ्यांचे छायाचित्र काढायला महागडा कॅमेरा हवा, असे तुम्हांला वाटते ना? मला ते पटत नाही. हवा असतो तो अंधार. मुंबईच्या मुलांना तो शोधत दूर जावे लागते. मोहाडीला धानाच्या बांध्यांकडे तो फुकट मिळतो.

पावसाळा सरला, की अमावास्येच्या सुमारास घरच्या मोठ्या माणसांबरोबर गावाबाहेर जा. कॅमेरा हातात धरू नका. तिपाईवर किंवा भिंतीवर विटेच्या आधाराने ठेवा. फ्लॅश बंद करा. त्याचा उजेड ताऱ्यांपर्यंत थोडाच पोहोचतो! शटर १०-१५ सेकंद उघडे राहू द्या. टायमर लावला, तर बटण दाबताना कॅमेरा हलत नाही. पहिली चित्रे बिघडतील. बिघडू द्या.

नोव्हेंबरात रात्री पूर्वेला कृत्तिकांचा पुंजका दिसतो. उर्दूत तुम्ही त्याला 'सुरय्या' म्हणता. त्याच्या मागून तांबूस रोहिणी उगवते. तिचे इंग्रजी नाव 'अल्डेबरन' मूळचे अरबी आहे: 'अद्-दबरान', म्हणजे मागून येणारा.

उत्तरेला ध्रुवतारा, तुमचा कुतुब तारा, मोहाडीहून क्षितिजाच्या वर सुमारे २१ अंशांवर दिसतो. शटर तासभर उघडे ठेवता येत असेल, तर त्याच्याभोवती प्रत्येक तारा १५ अंशांची कमान काढतो. काहींना असे चित्र बिघडलेले वाटते. मला मात्र तेच अधिक आवडते, कारण त्यात पृथ्वीचे फिरणे दिसते. पण जवळ उघडा दिवा असला, की तासाभरात सारे चित्र पांढुरके होते. म्हणून रस्त्यांच्या दिव्यांना वरून झाकण असावे, असे मला वाटते. उजेड रस्त्यावर पडायला हवा. आकाशात त्याचे काय काम?