मोटारीवरच्या ज्वाळा आणि प्रयोगवही



रेडिओ-नियंत्रित मोटारींची शर्यत तुमच्यापैकी काहींनी पाहिली असेल. हातभर लांबीची मोटार धुरळा उडवीत पळते आणि तिच्या नाकापासून मागच्या चाकांपर्यंत पिवळ्या-तांबड्या ज्वाळा झेपावलेल्या दिसतात. ज्वाळांची ही तऱ्हा मूळची अमेरिकेतली. १९५० च्या दशकात कॅलिफोर्नियातील हौशी मंडळी जुन्या मोटारी वेगवान करून त्यांवर अशा ज्वाळा रंगवीत. तिथून ती खेळातल्या मोटारींवर आली.

आता आपल्या शाळेतील विज्ञान मंडळाकडे पाहा. मोटर, बॅटरी, रेडिओ हे ‘विज्ञान’ आणि रंग म्हणजे ‘सजावट’, अशी वाटणी तिथे सर्रास होते. ज्याचे गणित चांगले तो यंत्र जोडतो. ज्याचा हात चित्रकलेत चांगला त्याला प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी बोलावून ‘जरा रंग दे’ म्हणतात. ही वाटणी चुकीची आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. मोटारीवर नीट ज्वाळा रंगवणारा विद्यार्थीही प्रयोगच करीत असतो.

कसा ते पाहू. शर्यतीच्या मोटारीची बॉडी बहुधा पारदर्शक पॉलीकार्बोनेटची असते. १९५३ मध्ये जर्मनीत हेरमान श्नेल व अमेरिकेत डॅनियल फॉक्स यांनी स्वतंत्रपणे शोधलेले हे प्लॅस्टिक आघाताने सहसा फुटत नाही, वाकून पुन्हा सरळ होते. म्हणून तिचा रंगही वाकणारा हवा; नाहीतर पहिल्याच टकरीत त्याचे पोपडे निघतात. भलत्याच रंगातील द्रावक लागला, तर प्लॅस्टिकला बारीक चिरा पडतात. कोणता रंग का चालतो, हा प्रश्न रसायनशास्त्राचा आहे.

शिवाय रंग बाहेरून देत नाहीत, आतून देतात. बाहेरचे खडे, ओरखडे प्लॅस्टिक झेलते आणि रंग सुरक्षित राहतो. पण त्यामुळे सगळा क्रम उलटा होतो. कागदावर आपण पार्श्वभूमी आधी रंगवतो. इथे जे सर्वांत पुढे दिसायचे ते सर्वांत आधी द्यावे लागते. काळ्या मोटारीवर ज्वाळा हव्या असतील, तर ज्वाळांची जागा टेपने झाकून प्रथम काळा रंग फवारतात. मग टेप काढून शेंड्यांना तांबडा, मध्ये नारिंगी, बुडाशी पिवळा आणि अखेर सर्वांच्या मागे पांढरा. पांढरा कशासाठी? पिवळ्याच्या पातळ थरातून काही प्रकाश आरपार जातो. मागे पांढरा असेल तर तो परत फिरतो आणि पिवळा झळकतो; मागे काळा असेल तर तो शोषला जातो आणि पिवळा मळकट दिसतो. काचेच्या मागून चित्र रंगवणाऱ्या आपल्याकडील जुन्या कलावंतांनाही हाच उलटा क्रम पाळावा लागे. दागिने आणि डोळे आधी, चेहरा मग, पार्श्वभूमी शेवटी!

एका रंगातून दुसऱ्या रंगात अलगद जाणारी छटा एअरब्रशने साधते. बारीक तोंडातून दाबाखालची हवा वेगाने सुटते, तिथला दाब कमी होतो, रंग ओढला जातो आणि त्याचे सूक्ष्म थेंब होतात. फवारा शंकूसारखा पसरतो. अंतर दुप्पट केले की तेवढाच रंग चौपट क्षेत्रावर पडतो. फार जवळ धरले तर रंग ओघळतो. फार दूर धरले तर थेंब वाटेतच सुकून पृष्ठभाग खरखरीत होतो. योग्य अंतर टाकाऊ तुकड्यावर करून पाहूनच ठरवावे लागते.

कोणी म्हणेल, ‘रंगाने मोटार जोरात पळते का?’ नाही. उलट रंगाचे वजन थोडे वाढतेच. पण मोटार किती पळाली एवढ्यावरच मुलाला विज्ञान किती समजले हे ठरत नाही. दुसरा आक्षेप खर्चाचा. तो खरा आहे. एअरब्रश आणि कॉम्प्रेसर प्रत्येक शाळेला परवडणार नाहीत. पण विचार शिकायला ते लागतही नाहीत.

फाइलचे जुने पारदर्शक आवरण घ्या. त्यावर पिवळ्या ॲक्रिलिक रंगाचे दोन सारखे पातळ पट्टे ओढा. वाळल्यावर एकावर पांढरा, दुसऱ्यावर काळा रंग द्या आणि आवरण उलटून पाहा. जे दिसेल ते प्रयोगवहीत लिहा. मग त्याच रीतीने एक ज्वाळा रंगवा. क्रम आधी वहीत मांडा, कारण चुकलेला पहिला थर नंतर झाकता येत नाही. पुढे कधी फवारा हाती आला, तर उघड्या हवेत, मोठ्यांच्या देखरेखीखाली, योग्य मास्क लावून काम करा. त्यातले थेंब फुप्फुसात जातात आणि द्रावकाची वाफ पेट घेते. रंगातल्या ज्वाळा खऱ्या ज्योतीपासून दूरच बऱ्या.

शिक्षकांना एक विनंती. यंदाच्या प्रदर्शनात चित्रकला आणि विज्ञान या दोन्ही विषयांच्या शिक्षकांनी मिळून एक तरी प्रकल्प तपासावा आणि रंग देणाऱ्या मुलाला विचारावे, ‘हा थर आधी का दिलास?’ त्याला उत्तर देता आले, तर यंत्र जोडणाऱ्याइतकेच गुण त्यालाही द्यावेत.